घरच्या मोरीत रोल धुताना

फिल्म घरी कशी धुवायची हे शिकवणारी बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली. त्यांतल्या तक्त्यांवर २० अंश सेल्सिअस हा आकडा असतो, आणि नळाचं गार पाणी थोडं कोमट करून त्या आकड्यावर कसं आणायचं याची माहिती असते. नाशिकमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणाऱ्या पाण्याखाली हात धरवत नाही. जानेवारीत पहाटे तेच पाणी हाताला झोंबतं. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या त्याच दिवसांत येतात आणि द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही दमटच हाती येतात. मोरी तीच, नळ तोच, पण दर चार महिन्यांनी काम करायची रीत बदलावी लागते. हे पुस्तक त्या मोरीसाठी लिहिलं आहे.

स्वतंत्र डार्करूम इथे गृहीत धरलेली नाही. फ्लॅटमधलं न्हाणीघर, स्वयंपाकघराचा ओटा, एक बादली आणि घरातली माणसं झोपल्यावर मिळणारा तासभर, एवढ्यावर सगळं बसवलं आहे. ज्यांच्या कपाटात वडिलांचा किंवा काकांचा जुना कॅमेरा पडून आहे, किंवा ज्यांनी एखाददुसरा रोल काढून परगावच्या लॅबला पाठवला आणि ज्यांना मोबाईलवर नुसते स्कॅन मिळाले, असे वाचक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर होते. लॅबबद्दल माझी काही तक्रार नाही. पण निगेटिव्ह दाट का निघाली, आकाश पांढरंफटक का झालं, सावलीत तपशील का उरला नाही, याची निम्मी उत्तरं कॅमेऱ्यात असतात आणि निम्मी धुण्यात. धुणं दुसऱ्याच्या हाती असलं की फोटो काढणाऱ्याचं शिक्षण अर्ध्यावरच थांबतं, असं माझं ठाम मत आहे.

काम मुळात साधं आहे. फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक विखुरलेले असतात. शटर उघडतं तेव्हा ज्या स्फटिकांवर उजेड पडतो त्यांच्यात मोजक्या अणूंइतका बदल होतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. डेव्हलपर नेमके हेच बदललेले स्फटिक शोधतो आणि त्या अख्ख्या स्फटिकांची काळी चांदी करतो. उजेड न लागलेले क्षार फिक्सर विरघळवून काढतो. मग पाणी, आणि मग वाळवण. पूर्ण अंधार लागतो तो फिल्म डबीतून काढून रिळावर चढवून टँकचं झाकण लावेपर्यंत. पुढचं सगळं ट्यूबलाइटच्या उजेडात होतं.

नवा माणूस अडखळतो तो त्या अंधारातल्या पाच मिनिटांत. उन्हाळ्यात चेंजिंग बॅगेत, म्हणजे उजेड न शिरणाऱ्या पिशवीत, हात घातले की मनगटापर्यंत घाम फुटतो. बॅगेतली हवा दमट होते, प्लॅस्टिकच्या रिळाच्या खाचा ओलावतात आणि फिल्म अर्ध्यावर जाऊन चिकटते. जोर केला तर ती दुमडते, आणि दुमडलेल्या जागी निगेटिव्हवर चंद्रकोरीच्या आकाराचा डाग राहतो. अशा वेळी फिल्म रिळासकट टँकमध्ये टाकून झाकण लावावं, हात बाहेर काढून कोरडे करावेत, पाणी प्यावं, मग पुन्हा सुरुवात करावी. टँक बंद असला की आतल्या फिल्मला काही होत नाही. त्याहून बरं म्हणजे चेंजिंग बॅग सोडून रात्री बिनखिडकीच्या बाथरूममध्ये बसावं आणि दाराच्या फटीला टॉवेल लावावा. उघड्या हवेत घाम कमी येतो. फिल्मच्या सुरुवातीच्या टोकाचे दोन्ही कोपरे कात्रीने जरासे गोल केले तर ती खाचेत अडकत नाही. एक वाया गेलेला रोल सरावासाठी ठेवून आधी उजेडात बघून, मग डोळे मिटून तो चढवायला शिकावं.

घरात फिल्म धुणं हे नाशिकला नवं नाही. धुंडिराज गोविंद फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. चित्रपटाकडे वळण्याआधी ते बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले, गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफरचा धंदा केला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, लोणावळ्याला छापखाना काढला. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले तेव्हा त्यांच्या हाताला रसायनांची वीसेक वर्षांची सवय होती. त्यांनी पहिल्यांदा नाटक किंवा पुराणकथा चित्रित केली नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर रोवून एकेक चित्र घेत त्याचा वेल वाढताना टिपला. ‘अंकुराची वाढ’ ही ती चित्रफीत. भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला तो ती पाहून.

त्या काळची कच्ची फिल्म कडांना भोकं न पाडलेली मिळे. ती भोकं पाडण्याचं काम अंधारातच करावं लागे, आणि फाळक्यांच्या दादरच्या घरी ते त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. फिल्म कॅमेऱ्यात भरणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं हेही त्या शिकल्या. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक आणि रात्री फिल्म, असा त्यांचा दिनक्रम होता. चित्रपटाच्या इतिहासात त्यांचं नाव येतं ते बहुधा नवऱ्यासाठी दागिने देणारी पत्नी म्हणून. मला त्या देशातल्या पहिल्या फिल्म-तंत्रज्ञांपैकी एक वाटतात, आणि या पुस्तकापुरतं तरी त्यांचं काम फाळक्यांच्या दिग्दर्शनाइतकंच मोलाचं आहे. लाज वाटावी इतकं कमी आपण त्याबद्दल लिहिलं आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हे बिऱ्हाड नाशिकला आलं. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, १९१७ चा ‘लंका दहन’ हे चित्रपट इथले. म्हणजे फिल्म नाशिकच्या उन्हात भरली आणि धुतली गेली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली.

फाळक्यांच्या पिढीला एक सोय होती. त्यांच्या फिल्मला लाल उजेड जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल दिव्याखाली चित्र उमटताना बघत बघत ती धुता येई. पुरेसं काळं झालं की बाहेर काढायचं. आजची पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग पाहते आणि बंद टँकमध्ये आंधळेपणानेच धुवावी लागते. डोळ्यांचं काम आता घड्याळ आणि थर्मामीटर करतात. म्हणून कोणी विचारलं की आधी काय विकत घेऊ, तर मी कॅमेऱ्याची दुसरी लेन्स सांगत नाही, स्कॅनरही सांगत नाही. चांगला थर्मामीटर घ्या म्हणतो.

तापमान वाढलं की डेव्हलपर झपाट्याने काम करतो. ढोबळ मानाने दर अंशाला आठ ते दहा टक्के वेळ कमी होतो. इलफर्डची एचपी५ प्लस ही ४०० आयएसओची फिल्म डी-७६ या डेव्हलपरच्या मूळ द्रावणात २० अंशांवर साडेसात मिनिटं धुतात. २४ अंशांवर तेच काम सव्वापाच मिनिटांत होतं आणि २८ अंशांवर चार मिनिटांच्याही आत. एवढ्या थोड्या वेळात द्रावण ओतण्या-काढण्यात गेलेले दहा-पंधरा सेकंदही जाणवतात. आकाशासारख्या एकसंध भागात पट्टे पडतात, भोकांच्या कडेने काळपट झळा उमटतात. पाच मिनिटांखालची वेळ टाळावी हा नियम त्यासाठीच आहे. यावर सोपा इलाज म्हणजे द्रावण पातळ करणं. डी-७६ मध्ये तेवढंच पाणी मिसळलं तर २० अंशांना अकरा मिनिटं लागतात, २४ ला पावणेआठ, आणि २८ ला साडेपाचच्या आसपास. पातळ केलेलं द्रावण एकदाच वापरून टाकून द्यायचं असतं, त्यामुळे ते जुनं किती झालं याचा हिशेबही राहत नाही. नाशिकमध्ये मार्चपासून जूनपर्यंत मूळ द्रावण वापरूच नये असं मी सुचवतो. पूर्वी उष्ण प्रदेशांसाठी खास डेव्हलपर असत. कोडॅकच्या डीके-१५ मध्ये सोडियम सल्फेट घालत, जेणेकरून गरम पाण्यात जिलेटिन फार फुगू नये. आजच्या फिल्मचा थर त्या काळापेक्षा कितीतरी चिवट आहे, त्यामुळे २८ अंशांपर्यंत असं काही करावं लागत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणी एकाच तापमानाला ठेवणं. २४ वर डेव्हलप करून नळाच्या ३४ अंशांच्या पाण्याखाली फिल्म धरली तर जिलेटिन एकदम फुगतं आणि त्यावर बारीक जाळी पडू शकते. ती मग कशानेही जात नाही. सगळ्या बाटल्या एका बादलीत ठेवाव्यात आणि धुण्याचं पाणीही आदल्या रात्रीच भरून ठेवावं.

ते पाणी गार करायला बर्फ चालतो, पण आमच्याकडे माठ आहे. एप्रिलच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी टाकीच्या पाण्याहून कितीतरी गार असतं, कारण माठाच्या अंगातून झिरपलेलं पाणी वाफ होताना आतली उष्णता घेऊन जातं. माठाचं पाणी आणि नळाचं पाणी हवं तसं मिसळून २४ अंश गाठणं हे नाशिकच्या उन्हाळ्यातलं अगदी सोपं काम आहे. जुलैत मात्र माठ गार होत नाही, कारण हवा आधीच पाण्याने भरलेली असते. हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुढच्या अर्ध्या अडचणी कळतात: माठ ज्या दिवशी चांगला गार होतो त्या दिवशी फिल्म झटकन वाळते आणि वळते, आणि माठ ज्या दिवशी कोमट राहतो त्या दिवशी ती वाळतच नाही. मी फिल्म टांगण्याआधी हवामानाच्या अंदाजाकडे पाहत नाही, माठाला हात लावून पाहतो.

फिक्सरबद्दल थोडक्यात. जुन्या स्टुडिओवाल्यांच्या तोंडी याचं नाव हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेलने १८१९ सालीच लिहून ठेवलं होतं, फोटोग्राफी जन्मण्याच्या वीस वर्षं आधी. त्याचे खडे आजही शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत मिळतात, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला ते वापरतात. साधा हायपो सावकाश काम करतो, अमोनियम थायोसल्फेटचा रॅपिड फिक्सर लवकर. कुठलाही असो, दर वेळी फिल्मच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा उजेडातच त्यात टाकून बघावा. दुधी तुकडा आरपार स्वच्छ व्हायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यावा. तुकडा स्वच्छ व्हायला नव्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागू लागला की फिक्सर संपला समजावं.

धुण्याच्या पाण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. अर्धा तास नळ सोडून ठेवा असं जुनी पुस्तकं सांगतात. इलफर्डने सुचवलेली पद्धत माझ्या मते इथे सक्तीचीच करावी: टँक भरून पाच वेळा उलटा-सुलटा करा, पाणी ओता, पुन्हा भरून दहा वेळा, ओता, पुन्हा भरून वीस वेळा, ओता. पस्तीस मिमीच्या एका रोलला दीड लिटरच्या आत काम होतं. फिक्सर मात्र जिलेटिन कडक करणारा, म्हणजे हार्डनर घातलेला नसावा.

पाणी किती जड आहे हे त्यानंतर कळतं. ज्या सोसायट्यांत बोअरचं पाणी येतं तिथल्या गृहिणींना ते आधीच माहीत असतं, कारण त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. तेच क्षार फिल्मवर थेंब वाळल्यावर पांढऱ्या कड्यांच्या रूपात उरतात. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी त्या मानाने बरं, तरी शेवटचं खळखळणं डिस्टिल्ड वॉटरमध्येच करावं. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणाऱ्या कुठल्याही दुकानात ते पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. त्यात ओलावा पसरवणाऱ्या द्रावणाचे, म्हणजे वेटिंग एजंटचे, दोन-चार थेंब पुरतात. भांडी घासायचा द्रव वापरू नये. त्यात रंग आणि सुगंध असतात आणि ते फिल्मवर बसतात.

आता वाळवण. या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्यावर आहे. एरवीच्या पुस्तकांत या टप्प्याला दोन ओळी मिळतात: धूळ नसलेल्या जागी टांगा, वाळू द्या. आपल्या गावात धूळ नसलेली जागा कुठली? नवीन इमारतींची कामं बाराही महिने चालू असतात आणि फेब्रुवारीपासून वारा सुटला की खिडकीच्या चौकटीवर रोज माती साचते. ओलं जिलेटिन चिकट असतं. त्यावर बसलेला कण वाळताना आत रुतून बसतो, मग तो झटकून निघत नाही.

छत्तीस फोटोंचा रोल दीड मीटरहून लांब असतो, म्हणून बाथरूममध्ये उंच दांडा लागतो. आधी दार लावून गरम पाण्याचा शॉवर दोन मिनिटं सोडावा. वाफेबरोबर हवेतली धूळ खाली बसते. वाफ विरल्यावर फिल्म वर चिमट्याने टांगावी आणि खाली दोन चिमटे लावून वजन द्यावं. बोटांमध्ये धरून पाणी निपटू नये. बोटांत अडकलेला एक कण अख्ख्या रोलवर लांबलचक रेघ ओढतो. डिस्टिल्ड वॉटर आणि वेटिंग एजंट नीट असेल तर पाणी आपोआप खाली उतरतं. नंतर दार लावून निघून जावं. मधेमधे दार उघडून बघणं ही या कामातली सगळ्यात वाईट सवय आहे, आणि ती घरातल्या सगळ्यांनाच असते. दारावर चिठ्ठी चिकटवावी.

एप्रिलमध्ये फिल्म तासाभरात वाळते आणि पन्हाळीसारखी आत वळते. कोरड्या हवेत जिलेटिन आकसतं आणि खालचा प्लॅस्टिकचा पाया तेवढा आकसत नाही, त्याचा हा परिणाम. बाथरूमची फरशी ओली ठेवून वाळवणं थोडं रेंगाळू दिलं तर वळण बरंच कमी होतं. जुलैत उलट. रात्रभर टांगूनही फिल्म हाताला दमट लागते, आणि तशीच पाकिटात घातली तर चिकटते. पावसाळ्यासाठी एक उपाय जुने फोटोग्राफर कॅमेऱ्यांसाठी करत आले आहेत. बंद लोखंडी कपाटाच्या तळाशी कमी वॅटचा साधा पिवळा बल्ब लावून ठेवतात. हवा जराशी तापली की तिच्यातला दमटपणा उतरतो. फिल्म बल्बपासून लांब, वरच्या भागात टांगावी. पंखा आणि केस वाळवायचा ड्रायर मात्र कुठल्याच ऋतूत नको, कारण दोन्ही धूळच उडवतात.

पावसाळ्यात न वाळलेल्या फिल्मला बुरशी लागते. जिलेटिन हे बुरशीचं अन्न आहे. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. अशी फिल्म पाण्याने धुवायचा मोह आवरावा, कारण बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि धाग्यांबरोबर चित्रही वाहून जातं.

वाळवण इतकं महत्त्वाचं का, याचं खरं उत्तर स्कॅनिंगच्या टेबलावर मिळतं. रंगीत फिल्मसाठी स्कॅनरमध्ये धूळ आपोआप काढणारी सोय असते. ती अवरक्त किरणांवर चालते: रंगीत फिल्ममधले रंग त्या किरणांना आरपार जाऊ देतात, धूळ अडवते, म्हणून धूळ कुठे आहे हे यंत्राला कळतं. काळ्या-पांढऱ्या फिल्ममधलं चित्र प्रत्यक्ष चांदीचं असतं आणि चांदी हे किरण धुळीसारखीच अडवते. स्कॅनर चित्रालाच धूळ समजू लागतो आणि चेहऱ्यांची माती करतो. ती सोय बंदच ठेवावी लागते. म्हणजे बाथरूममध्ये फिल्मवर बसलेला प्रत्येक कण नंतर संगणकावर एकेक करून हाताने पुसावा लागतो. एका रोलमागे दोन-तीन संध्याकाळी त्यात जातात. वाळवताना घेतलेली अर्ध्या तासाची काळजी त्या संध्याकाळी वाचवते.

स्कॅन कशाने करावं यावर फार वाद होतात. पस्तीस मिमीची एक चौकट ३६ बाय २४ मिमीची असते. तिच्यातून २४०० डीपीआयने साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेलच्या आसपास. घरात भिंतीवर लावायच्या मध्यम आकाराच्या प्रिंटला ते पुरतात. फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर त्यावरच सुरुवात करावी. ज्यांच्याकडे डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स आहे त्यांनी खालून उजेड देणाऱ्या पॅनेलवर निगेटिव्ह ठेवून तिचाच फोटो काढावा. हा मार्ग जलद आहे आणि नीट जमला तर फ्लॅटबेडहून बारीक तपशील देतो. कॅमेरा निगेटिव्हला अगदी समांतर हवा. त्यासाठी निगेटिव्हच्या जागी एक छोटा आरसा ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की कॅमेरा समांतर झाला. कोणतंही यंत्र असो, स्कॅन १६ बिटमध्ये घ्यावं आणि यंत्राचं आपोआप उजळवणं, धारदार करणं बंद ठेवावं. वळलेली फिल्म होल्डरमध्ये सपाट बसत नाही आणि चौकटीच्या कडा धूसर येतात. एप्रिलमधली घाई इथेही भोवते.

स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह टाकून देणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की तसं करू नका. फाळक्यांच्या मूळ ‘राजा हरिश्चंद्र’ची रिळं चार होती. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं आहे, आणि तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीची असावीत असं काही अभ्यासकांचं मत आहे. त्या काळची नायट्रेट फिल्म पेट घेणारी आणि झिजणारी होती; आपली ॲसिटेटची फिल्म तशी पेटत नाही. पण उष्णता आणि दमटपणा तिलाही सोसत नाही. ॲसिटेट सडायला लागलं की व्हिनेगरसारखा वास सुटतो आणि तो डब्यातल्या बाकीच्या फिल्मनाही बाधतो. सहा-सहा चौकटींचे तुकडे करून पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत, सिलिका जेलसोबत, घरातल्या सगळ्यात गार भिंतीच्या कपाटात ठेवावेत. पीव्हीसीची पाकिटं वापरू नयेत. माळ्यावर तर मुळीच नको, नाशिकच्या मे महिन्यात माळा म्हणजे भट्टी असते.

सामानाचं बोलायचं तर एकेकाळी फिल्म देशातच बनत असे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल आणि पूर्व जर्मनीचा ‘ओर्वो’ हे सत्तर-ऐंशीच्या दशकांत गल्लोगल्लीच्या स्टुडिओत मिळत. उटीचा कारखाना बंद पडला याचं मला आजही वाईट वाटतं. आता इलफर्ड, कोडॅक, फोमा असे परदेशी रोलच मागवावे लागतात. रसायनं मात्र इथल्या इथे जमवता येतात. डी-७६ चं सूत्र शंभर वर्षांच्या घरातलं आणि सर्वांना खुलं आहे: एका लिटरला २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम बोरॅक्स. यातला बोरॅक्स म्हणजे सराफ बाजारातला सोनार डाग देताना वापरतो तो टाकणखार. बाकीची तीन प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानांत मिळतात. मेटॉल काहींच्या त्वचेला सोसत नाही, पुरळ उठतं, म्हणून हातमोजे घालावेत. मोजमापाची भांडी स्वयंपाकघरातल्या भांड्यांपासून कायमची वेगळी ठेवावीत. घरात लहान मुलं असतील तर बाटल्या कुलपात ठेवाव्यात आणि सरबताच्या बाटलीत कधीही काही भरू नये.

वापरलेल्या फिक्सरमध्ये तुमच्या फिल्ममधली चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतू नका. विरघळलेली चांदी पाण्यातल्या जिवांना घातक असते आणि आपल्या मोऱ्यांचं पाणी अखेर गोदावरीकडेच जातं. एका जुन्या प्लॅस्टिकच्या बरणीत तो साठवावा आणि त्यात साध्या लोखंडाच्या तारेचा बोळा टाकून काही दिवस ठेवावा. लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. स्टेनलेस स्टीलची घासणी यासाठी उपयोगाची नाही. गाळ वेगळा करून जपून ठेवावा. पाच-सहा मित्रांनी मिळून साठवला तर चांदी गाळणाऱ्याकडे नेण्याइतका जमतो.

इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व यांनीही फिल्म धुता येते. १९९५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत कॉफीचा हा प्रयोग झाला आणि जगभर पसरला. चिकोरी नसलेली कॉफी घ्यावी. मुलांना रसायनशास्त्र शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही, पण महत्त्वाच्या रोलसाठी मी तो वापरणार नाही.

पहिला रोल नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान धुवावा. त्या दिवसांत पाणी विशीच्या जवळपास असतं, हवा कोरडी असली तरी होरपळवणारी नसते, आणि परदेशी तक्तेही तेवढ्यापुरते जसेच्या तसे लागू पडतात. पुन्हा काढता येईल असंच काही त्या रोलवर घ्यावं, लग्न-मुंज नव्हे. काळाराम मंदिर यासाठी फार चांगलं आहे. काळा दगड मीटरला फसवतो आणि मीटरच्या सांगण्यावर विसंबलं तर देऊळ करडं येतं. म्हणून तीच भिंत मीटर सांगेल तशी एकदा, एक स्टॉप कमी करून एकदा आणि दोन स्टॉप कमी करून एकदा घ्यावी, आणि तेच गोदाघाटावर दुपारच्या पाण्याच्या चमकेवर करावं. निगेटिव्ह वाळल्यावर उजेडासमोर धरून ह्या चौकटी शेजारी शेजारी पाहाव्यात, स्कॅनर उघडण्याआधी.

एक वहीही घालावी. फिल्म कोणती, आयएसओ किती, डेव्हलपर किती पातळ केला, ओतताना तापमान किती आणि काढताना किती, वेळ, टँक किती वेळा उलटला, फिक्सरमधला तुकडा किती सेकंदांत स्वच्छ झाला, फिल्म किती तासांत वाळली आणि त्या दिवशी माठ गार होता की नाही. पुढचा रोल धुण्याआधी मागचं पान वाचावं आणि एका वेळी यातली एकच गोष्ट बदलावी. या पुस्तकातले उन्हाळ्याचे आणि पावसाळ्याचे तक्ते अशाच वहीतून आले आहेत. तुमच्या सोसायटीच्या टाकीचं पाणी माझ्या टाकीहून वेगळं असेल, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी त्या तक्त्यांवर पेन्सिलीने तुमचे आकडे लिहायला लागा.